शिंपल्यांची भट्टी

चुन्याच्या घरात मूल रडायला लागलं की आधी त्याचे हात धरतात, काय झालं ते मग विचारतात. चुन्याचा हात डोळ्याला लागला तर ते रडणं जन्मभराचं होतं. माझ्या अगदी पहिल्या आठवणीत माझे दोन्ही हात कुणीतरी घट्ट धरलेत आणि मी त्या धरणाऱ्याला चावते आहे. धरणारी बहुतेक आईच असणार, कारण दुसऱ्या कुणी चावू दिलं नसतं. तापटपणा माझ्यात तेव्हापासूनचा. सास्तूरच्या बाजारात लोक म्हणायचे, लोणाऱ्याच्या भागूवर पाणी टाकू नका, उकळंल. मला त्याचा राग यायचा, आणि राग आला की ते हसायचे, म्हणजे त्यांचं म्हणणं खरंच ठरायचं.

आमचं घर गावाच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला होतं. भट्टीचा धूर गावात जाऊ नये म्हणून लोणाऱ्याला जागा अशीच मिळते. निजामाचं राज्य होतं, पण आमच्या दाराशी ते फारसं येत नसे. आमच्या दाराशी राज्य होतं आबांचं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील मी रांगत असताना तापानं गेले, आणि आई माझ्यासकट आबांच्या पदरात आली. त्यांनी आम्हांला उपाशी ठेवलं नाही, हे लिहायला पाहिजे, कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, म्हातारी खाल्ल्या घरचे वासे मोजते. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि अंबाडीची भाजी, तिच्यावर करडईच्या तेलाची धार. तेच तेल झोपताना हातांना लावायचं. चुन्यानं बोटांच्या पेरांना भेगा पडत, आणि त्या भेगांत तेल गेलं की आई डोळे मिटून घ्यायची. तोंडातून आवाज नाही. तिच्या हातांचा वास मला अजून आठवतो, करडईचा आणि ओल्या भिंतीचा.

दिवसभर आवाज असायचा तो हातोड्यांचा. काळ्या रानातून चुनखडीचे खडे वेचून आणायचे, बायकांनी बसून ते सारखे फोडायचे. पलीकडं घाणीचं दगडी चाक बैलामागं कुरकुरत चुना मळायचं. एखाद्या दिवशी बांधकाम नसलं, घाणी थांबली, तर घर आजारी असल्यासारखं वाटायचं. खडा पारखायची आमची रीत जिभेची. खडा जिभेला लावायचा. चिकटला तर चुन्याचा, न चिकटला तर फेकून द्यायचा. पोरं, बायका, पुरुष सगळे तेच करीत. आबांची जीभ मात्र पंचक्रोशीत मानलेली. दुसऱ्या गावचे लोणारी पिशवीत खडे घेऊन यायचे आणि आबा एकेक जिभेला लावून डावीकडं नाहीतर उजवीकडं टाकायचे. बोलायचे नाहीत.

आणखी एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भट्टी रचायची बायकांनी. खाली लाकूड, वर कोळसा, गोवऱ्या, त्यावर खडे, पुन्हा कोळसा, असे थर, आणि बाहेरून सगळीकडं मातीचं लिंपण. आईसारखं लिंपण कुणाला जमत नसे, हे आबाही म्हणायचे. पण एकदा नारळ फुटला आणि विस्तव दिला की आबा भट्टीभोवती राखेची रेघ ओढायचे. त्या रेघेच्या आत घरच्या पुरुषांनीच जायचं. सवाष्णींनी बाहेरूनच हळदकुंकू टाकायचं. विधवा बाईनं तर सावलीसुद्धा आत पडू द्यायची नाही. भट्टी निवून आबांनी रेघ पुसली की मग बायका पुन्हा आत, खडे काढायला, बुट्ट्या वाहायला. म्हणजे आधीचे कष्ट आमचे, नंतरचे कष्ट आमचे, आणि मधला विस्तव तेवढा त्यांचा. हे मला आता सुचतं. तेव्हा वाटायचं, रेघ आहे, ढग आहेत, तसंच.

बाजारात बसायचं काम आईचं आणि माझं. पानाला लावायचा चुना आम्ही लहान बोळक्यांतून विकायचो. आई मान खाली घालून मोजून द्यायची, बोलायची मी. गिऱ्हाईक किती बोलतं यापेक्षा ते बोळकं हातातून खाली ठेवतं का नाही, इकडं मी बघायची. खाली न ठेवणारा माणूस विकत घेणारच असतो, तोंडानं तो काहीही म्हणो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. पुढं सोलापुरात माझं दुकान उभं राहिलं ते एवढ्याच एका अकलेवर.

त्या बाजारात शिवलिंगप्पा आमचे नेहमीचे. लिंगायत घर, मोठी शेती, किराणा मालाचा व्यापार, घरात कानडी आणि बाहेर मराठी. गळ्यात लिंग, तोंडात सदा पान. त्यांच्या रानात त्या वर्षी विहीर चालली होती. काळा खडक फोडून माणसं पुष्कळ खाली गेली, आणि पाण्याऐवजी खाली करड्या मातीचा थर लागला. त्या मातीत शिंपले. एकदोन नव्हे, बुट्टीबुट्टीनं. मिटलेले, अर्धे उघडलेले, एकमेकांना बिलगलेले, आणि त्यांत गोगलगायीचे लहान लहान पेच. जिथं समुद्र बघितलेला माणूस सापडणार नाही तिथं, काळ्या खडकाच्या पोटात.

आबांना कळलं तसे ते मला घेऊन निघाले. सौद्याला ते मलाच नेत, कारण ते स्वतः दोन वाक्यांत भांडणावर येत. विहिरीच्या काठावर ढीग पडला होता. आबांनी एक शिंपला उचलला, बोटानं घासला, उन्हात धरला. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत की खड्याचा चुना भिंतीचा आणि शिंपल्याचा चुना राजाच्या पानाचा. आबांच्या आज्यानं म्हणे नदीचे शिंपले वेचून असा चुना केला होता. आबांनी तो नुसता ऐकला होता.

शिवलिंगप्पा बांधावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "माल माझ्या रानातला. चुना होईल त्यातला निम्मा माझा."

"निम्मा?" मी म्हणाले. "आप्पा, विहीर का बंद हाय मग?"

"कोण म्हणतं बंद हाय?"

"पाथरवटाची बायको चुन्याला आलती. म्हणली, मेलेल्या जिवांची हाडं निघाली, आमचा माणूस आता खाली उतरत न्हाय. तुमच्या घरच्यांनी तर त्या मातीला हात लावायचं नाकारलं म्हणं."

त्यांचा अडकित्ता थांबला. आबांकडं बघून म्हणाले, "पुतणी लई अवघड हाय तुमची. हिला द्यायची कुठं?"

"बघतोय," आबा म्हणाले.

"कानडी मुलखात द्या. हिचं बोलणं नवऱ्याला कळणार न्हाय. सुखी राहील."

"माझं बोलणं कळायला भाषा लागत न्हाय," मी म्हणाले. "आप्पा, हा ढीग तुम्हांला नको हाय. आमी नेला न्हाय तर तुम्हांलाच गाड्या लावून वड्यात टाकावा लागंल. शिंपले सगळे आमचे. तुमच्या गाड्यांनी भट्टीवर आणून टाकायचे. विहीर बांधायला लागंल तेवढा चुना तुम्हांला, पण खड्याचा. शिंपल्याचा न्हाय."

"बेड, बेड," ते हात हलवत म्हणाले. कानडीत नको म्हणायचं ते असं. पण अडकित्ता पुन्हा चालू झाला होता, आणि मला कळलं, झालं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "पानाला एक बोळकं तरी देशील का न्हाय शिंपल्याचं?"

"ते देऊ. तुम्ही काय परके हाय व्हय?"

परतताना आबा सगळी वाट बोलत होते. एरवी न बोलणारा माणूस. शिंपल्याचा पहिला चुना येरमाळ्याला येडाईच्या देवळाला पाठवायचा, त्यांनी ठरवूनच टाकलं. येडेश्वरी ही चुन्याच्या माणसांना जरा जवळचीच. चैती पुनवेच्या यात्रेत तिथल्या रानात माणसं चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीला वाहतात. आमच्या हाताला जे रोज लागतं तेच खडे लोक तिथं भक्तीनं उचलतात, याचा आबांना फार अभिमान. त्या वर्षी त्यांचा नवसही होता, चैतापर्यंत वशट शिवायचं नाही. मटण, मासळी, अंडं, काही नाही.

चूक झाली ती इथं. सौदा माझा होता, आणि तो चोख होता. आजही मी तो तसाच करीन. पण माल पारखायचं काम भट्टीवाल्याचं. गाड्या रिकाम्या झाल्या तेव्हा माझी चुलती, तिला मी मोठी आई म्हणायची, हसत म्हणाली, "बघा की जीभ लावून, राजाचा चुना कसा लागतो ते." आबा एकदम मागं सरले. "नवस हाय माझा. हाड हाय ते, जिवाचं हाड. जिभेला लावू व्हय?" मग सगळ्यांना बजावलं, "घरात कुणीबी तोंडाला लावायचं न्हाय, चैतापस्तोर. अन् शिंपल्याला कसली पारख? शिंपला म्हणजे चुनाच." लोणारी सोडून दुसऱ्या कुणाच्याही हातून ही चूक झाली नसती. दुसऱ्यानं शंका घेतली असती. आम्हांला मात्र शिंपला म्हणजे चुना हे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं.

भट्टी नेहमीपेक्षा मोठी रचली. आईनं लिंपण केलं, तळव्यानं, वरून खाली, पाण्याचा हात देत, तिन्हीसांजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, विस्तव दिला, रेघ ओढली. मोठ्या आईनं पुरणाचा नैवेद्य केला होता. आबा, त्यांचे दोघं मुलगे आणि एक गडी आत होते. आई आणि मी रेघेबाहेर बाभळीखाली खडे फोडत बसलो.

ऊन चढलं तसे आतून आवाज यायला लागले. सुरुवातीला तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसे. आबा म्हणाले, एखादी गारगोटी गेली असंल. गारगोटी तापली की फुटते, ते सगळ्यांना माहीत. मग आवाज वाढले. मग एकेक असा होऊ लागला की गावातली कुत्री भुंकायला लागली. ते दिवसही असे होते की असला आवाज ऐकून माणसं, गोळी सुटली समजून, आधी दारं लावून घ्यायची. आणि एकदम भट्टीच्या कुशीला लिंपण फुटलं. परातीएवढं भोक पडलं, त्यातून लाल इंगळ आणि दगडाचे तुकडे बाहेर उडायला लागले. एक तुकडा गड्याच्या दंडाला लागला. तो ओरडत पळाला, त्याच्यामागं आबांचे मुलगे, आणि शेवटी आबासुद्धा. ते काही भित्रे नव्हते, पण आपली भट्टी आपल्यावरच दगड मारते हे त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

भोकातून वारा आत शिरला की एका अंगाला जाळ धावतो, भट्टी कलते आणि बसते. हे आईला माहीत होतं. ती उठली. फोडलेल्या खड्यांवर मारायला ठेवलेलं पाणी तिनं लिंपणाच्या उरलेल्या मातीत ओतलं, बुट्टीत ओला चिखल भरला, पदर डोक्यावरून तोंडावर ओढला आणि चालत आत गेली. मी हाक मारली का नाही, मला आठवत नाही. ती त्या भोकावर चिखल थापत होती, मूठ मूठ, आणि तिच्या दोन्ही अंगांनी ठिणग्या जात होत्या. राखेच्या रेघेवर तिचं पाऊल उमटलं होतं, तेवढं मी बघत बसले होते. भोक बुजलं. ती तशीच मागं फिरली, बाभळीखाली आली आणि बसली. तिच्या मनगटावरची कातडी सोलली होती. मी ताक आणायला घरात धावले.

भट्टी निवली. रेघ पुसली, तोंड उघडलं, आणि आबांनी पहिली बुट्टी स्वतः बाहेर काढली. शिंपले होते तसेच होते. काही तडकलेले, काही तांबूस झालेले, पण शिंपलेच. चुना कसा विझतो ते ज्यांनी बघितलेलं नाही त्यांना सांगते. भाजलेल्या खड्यावर पाणी पडलं की तो आधी गप्प राहतो, मग कुरकुरतो, मग वाफ सोडतो, फुगतो, फुटतो, आणि बघता बघता दगडाचं पीठ होतं. तो क्षण बघायला आमच्याकडं लहान मुलांना कडेवर घेऊन उभे राहत. आबांनी तांब्या ओतला. पाणी शिंपल्यांवरून वाहून गेलं. शिंपले धुतल्यासारखे चकचकीत झाले. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. मग घागर.

मोठी आई म्हणाली, "देवीचा माल होता." मग म्हणाली, "अन् विधवेचा हात लागला."

कुणी तिला गप्प केलं नाही. आबांनीही नाही. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली, आणि पुढच्या बाजारी आमच्यासमोर कुणी उभं राहिलं नाही. शिवलिंगप्पा तेवढे आले, बोळकं हातात घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि खाली ठेवलं. "पुढच्या बाजारी नेतो," म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

जमातीचे पंच बसले ते भट्टीशेजारी, त्याच बाभळीखाली. त्यांचे कारभारी लांबच्या गावचे, पांढऱ्या मिशांचे, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ होते. जमातीची मागणी अशी होती की भट्टी बाटवली म्हणून आईनं यापुढं चुन्याला हात लावायचा नाही. ना भट्टीवर, ना घाणीवर, ना बाजारात. ऐकायला हे लहान वाटेल. पण आमच्याकडं शेत नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. चुन्याशिवाय आई म्हणजे आबांच्या घरात ताटावर बसणारं एक तोंड. तिची भाकरी आणि तिचं नाव दोन्ही त्या पांढऱ्या हातांत होतं.

मी मधे उभी राहिले. मुलीनं पंचांत उभं राहायचं नसतं, तेही एक होतंच. पदरात दोन्ही माल आणले होते, न भाजलेले शिंपले आणि साधे खडे. म्हणाले, "कारभारी, माझा एक सौदा हाय."

"पंचांत सौदा नसतो पोरी. फैसला असतो."

"मग फैसल्याआधी ऐका. लोहाराच्या भात्यावर हे दोन्ही भाजा. तुमच्या हातानं भाजा. आमची सावली पडणार न्हाय, आमी तिकडं वड्यापलीकडं जाऊन बसतो. शिंपला विझला तर आईनं भट्टी बाटवली. मी बी या घरातून जाते, तुम्ही द्याल त्या घरी, हूं का चूं करणार न्हाय. न्हाय विझला तर दगडच खोटा."

मोठी आई म्हणाली, "लाज न्हाय कार्टीला." पण कारभाऱ्यांनी शिंपला हातात घेतला होता, आणि तो त्यांनी खाली ठेवला नाही. मी गप्प बसले. माल हातात असला की बोलायचं नसतं.

आम्ही ओढ्यापलीकडं बसलो. भात्याचा आवाज ऐकू येत होता. आई दुखऱ्या हातानं गवताच्या काड्या मोडत होती. म्हणाली, "भागे, ठरलं तर जाशील व्हय त्या घरी?" मी म्हणाले, "ठरणारच न्हाय." ती म्हणाली, "तुझ्या बापाला बी असंच वाटायचं." चांगलं म्हणून म्हणाली की वाईट म्हणून, मला अजून माहीत नाही.

ऊन कलल्यावर बोलावणं आलं. परातीत दोन ढीग होते. कारभाऱ्यांनी खड्यांवर पाणी टाकलं. ते कुरकुरले, वाफ आली, पीठ झालं. शिंपल्यांवर टाकलं. काही नाही. फुटलेल्या शिंपल्याचा तुकडा एका पंचानं लोहाराच्या पोलादावर घासला, ठिणगी पडली. कारभाऱ्यांनी न भाजलेला शिंपला घेतला आणि सगळ्यांदेखत जिभेला लावला. मग तो आबांपुढं धरला. "गारगोटी हाय ही. तुमी जीभ लावली न्हवती?"

इथं आबांनी एक वाक्य बोलायचं होतं. नवस होता म्हणून पारख केली नाही, एवढंच. त्यानं त्यांची इज्जत जाणार नव्हती, नवसाला सगळे मान देतात. आबा जमिनीकडं बघत राहिले. आज इतकी वर्षं मी त्या वाक्यासाठी थांबले आहे. ते कधीच गेले, तरी मी थांबलेच आहे.

कारभारी पंचांशी बोलले. मग म्हणाले, "दगड खोटा निघाला. जमातीला मंजूर हाय. पण बाई, रेघ तर खरी होती का न्हाय? ती वलांडली. आज सोडली तर उद्या रेघेला कोण विचारतंय? तवा असं करा. रेघ होती तिथं नारळ ठेवा, डोकं टेका, चूक झाली म्हणा. तुमचा हात जसा होता तसा चुन्यावर. जमात उद्या या गोष्टीचं नाव काढणार न्हाय."

सौदा म्हणून बघितला तर तो वाईट नव्हता. पुष्कळ वर्षांनी, माझ्याच दुकानात मी याहून पडते सौदे केले. पण तेव्हा माझं डोकं उकळत होतं. मी म्हणाले, "आधी आबांनी टेकावं." दोघंतिघं अंगावर धावले. आईनं माझा दंड धरला आणि मला मागं ओढलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आबांच्या देखत, पदर डोक्यावर ठेवून, पण मान वर करून बोलली.

"भट्टीला भोक पडलं व्हतं. माणसं बाहेर आली व्हती. म्या लिंपलेली भट्टी, म्या बुजवली. उद्या परत पडलं, अन् परत कुणी नसलं, तर म्या परत जाईन. नारळ ठेवते. डोकं टेकते, रेघ मोठी हाय. पण चूक झाली असं तोंडातनं न्हाय निघायचं. निघालं तर खोटं निघंल."

कारभाऱ्यांनी पागोटं नीट केलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं, आणि म्हणूनच मी त्यांनाही माफ केलेलं नाही. म्हणाले, "मग आमच्या हातात काय राह्यलं न्हाय."

आम्ही गाव सोडून निघालो तेव्हा मोठी आई दारात रडत होती, खरं रडत होती, आणि तिनं धपाटे बांधून दिले. आबा घाणीवर होते. चाक चालू होतं. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाठोडं सोडायला लावलं, लुगडं, तवा, आईची हातोडी बघितली, विचारलं, कुठं? आई म्हणाली, कामाला. नाक्यापलीकडं इंग्रजी मुलूख होता, सोलापूरचा. निजामाचं राज्य आमच्यासाठी तिथंच संपलं. बाकीच्यांसाठी ते पुढं संपलं, आणि त्या धामधुमीत आमच्या घरावर काय आलं हे मला ऐकूनच माहीत.

ते शिंपले काय होते, हे मला कितीतरी वर्षांनी माझ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. कॉलेजात भूगर्भ शिकवायचे. घर बांधायला निघाले होते आणि भाव पाडून मागत होते. मी त्यांना चहा दिला आणि ही गोष्ट सांगितली. म्हणाले, ज्वालामुखीचे, काळ्या खडकाचे रस येऊन गेले, मधे तळी झाली, तळ्यांत शिंपले जगले, मग वर पुन्हा रस आला. मातीत पुरलेल्या शिंपल्यातला चुना पाण्यानं कण कण करून नेला आणि त्याच्या जागी गारगोटी बसवली. आकार राहिला, वळ्या राहिल्या, चुना गेला. कच्छाकडं समुद्रातल्या शिंपल्यांचे असेच थर आहेत म्हणाले, हातपंख्यासारखे, धारीधारीचे, तळव्याएवढे. त्यांतल्या पुष्कळांच्या जाती आता कुठल्याच समुद्रात नाहीत. पण त्यांच्यात चुना अजून शाबूत आहे, ते भाजले तर विझतील. मी त्यांना विचारलं, ज्याची जातच उरली नाही त्याचा चुना राहतो, आणि ज्याचा चुना जातो त्याची नक्कल राहते, हे कोण ठरवतं? ते हसून म्हणाले, पाणी. भाव मात्र मी कमी केला नाही.

आबांचे मुलगे पुढं माझ्या दुकानी आले, सिमेंटला. भूकंपानंतर नवं घर बांधायचं होतं. बरोबर आलेल्या वहिनींनी आईची चौकशी केली, आई तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला म्हणाला, "अक्का, घरच्या माणसाला काही सोडशील का न्हाय?" मी म्हणाले, "सोडलं की. गाव सोडलं." त्यानं पूर्ण भाव दिला. मी मोजून घेतला. कुणी याला कोतेपणा म्हणेल. म्हणू दे.

आईची स्वतःची भट्टी लागली ती सोलापूरच्या अलीकडं एका माळावर, आम्ही पुष्कळ वर्षं दुसऱ्यांचे खडे फोडल्यानंतर. खडे तिनं एकेक जिभेला लावून घेतले होते. थर तिनं रचले, लिंपण तिनं केलं, नारळ तिनं फोडला, आणि विस्तवही तिनंच दिला, कारण दुसरं होतं कोण? मी मनात म्हणत होते, आता बघावं आबांनी. आणि आईनं चुलीतली राख घमेल्यात भरली आणि भट्टीभोवती रेघ ओढायला लागली.

माझा तोल गेला. "ज्या रेघेनं घर सुटलं ती रेघ तू वढतीस?"

ती वाकलेलीच म्हणाली, "घर रेघेनं न्हाय सुटलं." रेघ पुरी केली, बाहेर आली, पदर सारखा केला आणि बसली. मी रागानं लांब जाऊन उभी राहिले. भट्टीला धूर आला. मग तिनं शेजारी झाकून ठेवलेली बुट्टी पुढं ओढली, तिच्यावरचं ओलं पोतं बाजूला केलं. आत लिंपणाचा मळलेला चिखल होता. त्यावर तिनं पाण्याचा हात फिरवला, तो सुकू नये म्हणून, आणि भट्टी निवेपर्यंत मधे मधे ती तसा हात फिरवत राहिली.